कच्चे चेक

आमच्या बोईसर-तारापूर पट्ट्यात चेकच्या दोन जाती मानतात. एक पक्का, दुसरा कच्चा. कुठल्या कायद्यात ही वाटणी सापडायची नाही, पण बाजारात, चाळीत, पाड्यावर ती सगळ्यांना ठाऊक आहे. ज्यावर खातेदाराचं नाव छापलंय तो पक्का. नवीन खातं उघडलं की बँकवाले एक पाकीट हातात ठेवतात, त्यात पासबुक असतं, एटीएम कार्ड असतं आणि पाचदहा पानांचं चेकबुक असतं. त्या चेकवर बँकेचं नाव, शाखा, खाली आकड्यांची पट्टी, सगळं असतं. खात्याचा नंबर कधी छापलेला, कधी शिक्क्यानं मारलेला. पण सही करायची त्या जागेवर नाव काही नसतं. नावाचं चेकबुक मागाहून टपालानं येतं, तोवर काम अडू नये म्हणून हे दिलेलं. लोक त्याला कच्चा चेक म्हणतात. दुकानात कच्ची पावती आणि पक्की पावती असते ना, तसंच.

हार्डवेअरच्या दुकानात हा चेक दिला तर दुकानदार उलटसुलट करून बघतो. "काका, नावाचा नाही का?" म्हणतो. नसेल तर माल मिळत नाही. हे झालं शहाण्या माणसाचं. पण दुसऱ्या बाजूला असंही झालंय की कच्चा म्हणजे खोटा, खोटा म्हणजे बिनधोक, असं समजून लोकांनी त्यावर सह्या करून दिल्या आणि पैसे घालवले. म्हणून या कागदाची मागची हकिकत लिहावीशी वाटली. मी दहावी शिकलेला शेतकरी आहे, बँकेत नोकरी केलेली नाही. पण गावात कुणाचंही खातं उघडायचं असलं की "दादा, जरा येता का बरोबर" असं बोलावणं येतं, त्यामुळे चाळीसेक वर्षं काउंटरच्या अलीकडे उभं राहून जे बघितलं ते हे.

कागदावर दोन ओळी लिहायच्या आणि त्यावर दुसऱ्या गावी पैसे मिळायचे, ही गोष्ट साहेबानं आपल्याला शिकवली असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. हुंडी त्याच्या कितीतरी आधीची. हुंडी दाखवल्याबरोबर पैसे द्यायचे असले तर ती दर्शनी हुंडी, ठरल्या दिवसांनी द्यायचे तर मुदती. शहाजोग हुंडीचे पैसे कुणाही सोम्यागोम्याला मिळत नसत, ज्याची पेठेत पत आहे अशा माणसालाच मिळत. हुंडी हरवली तर दुसरी लिहून देत तिला पेठ म्हणत, तीही हरवली तर परपेठ. पैसे चुकते झालेल्या हुंडीला खोका म्हणत. आता ह्यात छापील काय होतं? काहीच नाही. हातानं लिहिलेला मोडीतला किंवा गुजरातीतला कागद. त्याची किंमत अक्षरावर आणि पतीवर. १८८१ साली इंग्रजांनी चेक, हुंडी वगैरेंचा कायदा केला, तो अजून चालू आहे, पण त्यातसुद्धा पहिल्याच कलमात देशी भाषांतल्या अशा कागदांची जुनी वहिवाट त्यांनी राखून ठेवली.

त्या कायद्यात चेक म्हणजे काय ते थोडक्यात सांगितलंय. एका ठरावीक बँकेला दिलेला, मागताक्षणी पैसे द्यायचा लेखी हुकूम, आणि त्यावर देणाऱ्याची सही. खातेदाराचं नाव छापलेलं पाहिजे असं त्यात कुठं नाही. इंग्लंडात हर्बर्ट नावाच्या विनोदी लेखकानं तर अशी गोष्ट रचली की एका माणसानं करवाल्यांवर चिडून गाईच्या अंगावर चेक लिहिला आणि गाय नेऊन कचेरीत उभी केली. गोष्ट बनावट, पण लोक ती खरी म्हणून सांगू लागले. आमच्याकडे कुणी म्हशीवर लिहिला तर बँकेचा शिपाई म्हशीला आत घेणार नाही, हा भाग वेगळा. अमेरिकेतसुद्धा नव्या खात्याला असंच बिननावाचं तात्पुरतं चेकबुक देतात आणि तिथलेही दुकानदार ते बघून नाक मुरडतात, असं तिकडे असलेल्या आमच्या नात्यातल्या मुलानं सांगितलं. म्हणजे बोईसरचा हार्डवेअरवाला एकटा नाही.

हुंडी पेढीवाल्यांची. आमच्या भागातल्या बहुतेक माणसांचा कागदाशी संबंध आला तो वेगळ्या तऱ्हेनं. डहाणू, तलासरी, पालघरच्या जंगलपट्टीत वारली माणूस लग्नासाठी सावकाराकडून धान्य-पैसे घ्यायचा आणि त्या बदल्यात नवराबायको दोघं वर्षानुवर्षं त्याच्याकडे राबायची. त्याला लग्नगडी म्हणत. कर्जाचा आकडा सावकाराच्या वहीत, आणि वहीत काय लिहिलंय ते सावकारालाच ठाऊक. १९४५ साली किसान सभेच्या झेंड्याखाली वारल्यांनी ही वेठ मोडली, श्यामराव आणि गोदावरी परुळेकर त्यात पुढे होते. ती लढाई मजुरीची आणि वेठीची म्हणून सांगतात, ते बरोबरच आहे. पण माझ्या मते ती कागदाचीही होती. कोऱ्या कागदावर अंगठा घेतला की वर काय लिहायचं ते घेणाऱ्याच्या हातात. हा मुद्दा ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

१९६९ हे साल आमच्याकडे दोन गोष्टींसाठी मोजतात. १९ जुलैला सरकारनं चौदा मोठ्या बँका ताब्यात घेतल्या, आणि २८ ऑक्टोबरला तारापूरच्या अणुवीज केंद्राची वीज रीतसर सुरू झाली. मी तेव्हा शाळकरी पोर. वीज केंद्राची कौतुकं फार ऐकली, बँकेचं कुणी काही बोललं नाही. पण आमच्या घरात आधी शिरली ती बँक. अग्रणी बँक योजना आली, ठाणे जिल्हा महाराष्ट्र बँकेच्या वाट्याला गेला, आणि ज्या गावांना बँक म्हणजे मुंबईतली दगडी इमारत एवढंच ठाऊक होतं तिथं भाड्याच्या दोन खोल्यांत शाखा उघडू लागल्या. पाठोपाठ बोईसरला एमआयडीसी आली, कारखाने आले, पगार आले.

तोवर आमच्या वडिलांचा व्यवहार असा होता. वांगी, मिरची, भेंडी करंड्यांत भरून गाडीनं मुंबईला भायखळ्याच्या बाजारात जायची. आठपंधरा दिवसांनी दलालाची पट्टी यायची. पट्टी म्हणजे हिशेबाचा कागद. किती माल, काय भाव, हमाली किती, तोलाई किती, आडत किती, हाती किती. रोकड कुणा जाणाऱ्यायेणाऱ्याबरोबर यायची. एकदा दलालानं रोकडीऐवजी चेक पाठवला. वडील तो चेक घेऊन अंगणात उभे राहिले नि म्हणाले, "याचं काय करायचं? भाजीचे पैसे पाठवायचे सोडून कागद पाठवलाय." सोसायटीचे सेक्रेटरी होते त्यांना दाखवला. ते म्हणाले, "खातं काढा, त्यात भरा." म्हणजे आमच्या घरातलं पहिलं खातं हे दुसऱ्याच्या चेकनं उघडायला लावलं.

खातं काढणं आजच्यासारखं नव्हतं. आधार नाही, पॅन नाही. ओळख लागायची. त्या शाखेत ज्याचं आधीच खातं आहे अशा माणसानं फॉर्मवर सही करायची, की मी याला ओळखतो. आमच्या शाखेत पहिल्या वर्षी खातेदार कोण? मास्तर, तलाठी, दोन दुकानदार, एक डॉक्टर. सगळ्या गावानं त्या पाच जणांच्या मागे फिरायचं. एक दुकानदार सही करायचा, पण मग त्याच्याकडूनच खत घ्यायचं असा न बोललेला करार. मास्तर मात्र सरळ. त्यांनी किती जणांच्या फॉर्मवर सह्या केल्या असतील त्याची गणती नाही. पाड्यावरच्या माणसाला ओळख द्यायला कुणी तयार नसायचं, आणि तो अंगठेबहाद्दर असला तर चेकबुक मिळायचंच नाही. अंगठेवाल्यानं पासबुक घेऊन स्वतः यायचं, अधिकाऱ्यासमोर स्लिपवर अंगठा द्यायचा, पैसे न्यायचे. तो नियम लोकांना अपमानाचा वाटे. मला आता उलट वाटतं. त्या नियमानं पुष्कळांचे पैसे राखले.

सही येणाऱ्यालाही चेकबुक लगेच मिळत नसे. चेकबुक पाहिजे तर खात्यात शिल्लक जास्त ठेवावी लागे. ज्याला एखाद्याच वेळी चेक लागे त्याला मॅनेजर एक सुटं पान द्यायचा. त्याला लूज चेक म्हणत. रजिस्टरात पानाचा नंबर लिहायचा, घेणाऱ्याची सही घ्यायची, पानावर खात्याचा नंबर शाईनं लिहायचा. मी दहावी होऊन शेतीत पडल्यावर पाण्याचं इंजिन घ्यायला असाच लूज चेक नेला होता. पालघरच्या दुकानदारानं चेक घेतला, इंजिन मात्र दिलं नाही. म्हणाला, "वटला की या." बारा दिवसांनी इंजिन आलं. तोवर मिरचीची एक पाळी चुकली, पण त्याचंही चूक नव्हतं. त्याला मी कोण ते ठाऊक नव्हतं.

आता गंमत बघा. त्या काळात नाव कुणाच्याच चेकवर छापलेलं नसायचं. मोठ्या कंपन्या सोडा, पण मास्तर, डॉक्टर, दुकानदार, सगळ्यांची चेकबुकं सारखी, बिननावाची. वर सही, बाजूला खात्याचा नंबर हातानं घातलेला. आजच्या हिशेबानं गावातले सगळेच चेक कच्चे होते आणि सगळे वटत होते. बँकेतला क्लार्क सहीचं कार्ड काढायचा, चेकवरची सही आणि कार्डावरची सही डोळ्यांनी ताडून बघायचा, खतावणीत शिल्लक बघायचा आणि पितळी टोकन हातात द्यायचा. नाव छापून येऊ लागलं ते बँकांत कॉम्प्युटर बसल्यानंतर. आधी १९८०च्या दशकात मुंबईसारख्या शहरांत चेकच्या खाली चुंबकी शाईतल्या आकड्यांची पट्टी आली, यंत्रानं चेक वेगळे करता यावेत म्हणून. त्यातला नऊ आकड्यांचा भाग म्हणजे चेकचा पिनकोड समजा. पहिले तीन शहराचे, मधले तीन बँकेचे, शेवटचे तीन शाखेचे. मग पुष्कळ वर्षांनी खातेदाराचं नाव. ते एकदा दिसू लागलं आणि पंधरावीस वर्षांत लोकांची अशी समजूत झाली की चेकला जीव त्या नावामुळेच येतो.

जीव सहीमुळे येतो. आणि १ एप्रिल १९८९ पासून त्या सहीला दातही आले. त्या दिवशी चेकच्या कायद्यात कलम १३८ लागू झालं. तोवर चेक वटला नाही तर दिवाणी दावा लावत बसायचं, वकिलाचे जोडे झिजवायचे. कलम १३८ नं तो गुन्हा झाला. आधी एक वर्षापर्यंत कैद होती, २००३ पासून दोन वर्षांपर्यंत, किंवा चेकच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. चेक परत आल्याची खबर मिळाली की ज्याचे पैसे अडकले त्यानं तीस दिवसांत नोटीस द्यायची, नोटीस मिळाल्यावर पंधरा दिवसांत पैसे भरले तर सुटका, नाहीतर कोर्ट. आमच्याकडच्या व्यापाऱ्यांनी हे कलम फार लवकर शिकून घेतलं. उधारी द्यायची तर आधी एक सही केलेला कोरा चेक ठेवून घ्यायचा, "फक्त तारणासाठी हो" म्हणत. खत, पोल्ट्रीचं खाद्य, जुना टेम्पो, फायनान्सचा हप्ता, सगळीकडे कोरे चेक. सावकाराची वही गेली तिथं हे आलं.

याच सुमाराला वीज केंद्राच्या तिसऱ्या-चौथ्या युनिटसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठली. चौथं युनिट २००५ ला चालू झालं, तिसरं २००६ ला. पुनर्वसनाचा वाद मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला, त्यावर लिहायला माझ्यापेक्षा त्या गावच्या माणसांचा हक्क मोठा. मी इथं फक्त मोबदल्याच्या पैशांपुरतं लिहितो. १८९४च्या जुन्या भूसंपादन कायद्यात एक बारीक खोच होती. मोबदला घेताना "हरकत राखून घेतला" असं लिहिलं नाही तर वाढीव मोबदल्यासाठी कोर्टाकडे अर्ज करण्याचा हक्क जायचा. तीन शब्द. ज्याला कुणी सांगितले त्यानं लिहिले, ज्याला सांगितलं नाही त्यानं नुसती सही केली आणि तिथंच थांबला. जमीन पिढ्यान् पिढ्यांची, आणि दार उघडं राहणार की बंद होणार ते पावतीवरच्या तीन शब्दांनी ठरायचं.

पुढची दहा-पंधरा वर्षं आमच्या भागातून काही ना काही जातच राहिलं. मालगाड्यांचा वेगळा रेल्वेमार्ग, मुंबई-वडोदरा महामार्ग, आणि बुलेट ट्रेन, तिचं तर बोईसरला स्टेशनच आहे. २०१४ सालच्या ऑगस्टात आमच्याकडे दोन गोष्टी झाल्या. १ तारखेला ठाण्यातून फुटून पालघर जिल्हा झाला, राज्यातला छत्तिसावा, आणि २८ तारखेला जनधन योजना आली. ओळख देणारा मास्तर शोधायची गरज संपली. आधार कार्ड दाखवा, खातं घ्या. पाड्यावरच्या बायका, ज्यांची नावं सातबारावरसुद्धा इतर हक्कात कुठंतरी कोपऱ्यात, त्यांच्या नावाचं पासबुक झालं. ही लहान गोष्ट नाही. मोबदलाही रोख किंवा हातोहात चेक न देता सरळ खात्यात जमा होऊ लागला. आणि खातं उघडताना, ज्याला सही येते त्याच्या हातात ते पाकीट. त्यातले कच्चे चेक.

कच्च्या चेकनं कारखान्यातल्या पोरांनाही छळलं. एमआयडीसीत कंत्राटावर काम करणारा पोरगा दर दोनतीन वर्षांनी कंपनी बदलतो, आणि गावी घर बांधायचं, बहिणीचं लग्न असं काही निघालं की भविष्यनिर्वाह निधी काढतो. त्या ऑनलाइन अर्जाला पासबुकाचा नाहीतर रद्द लिहिलेल्या चेकचा फोटो जोडावा लागायचा, आणि चेक जोडला तर त्यावर नाव छापलेलं पाहिजे. नवीन खात्याच्या कच्च्या चेकवर नाव कुठलं? अर्ज परत. पोरगा परत बँकेत, परत सायबर कॅफेत, एका फेरीला अर्ध्या दिवसाची हजेरी गेली. एप्रिल २०२५ मध्ये ही चेकच्या फोटोची अटच काढून टाकली. चांगलं केलं. खातं तर आधीच आधारशी जोडून तपासलेलं असतं, मग फोटो कशाला हवा होता कोण जाणे.

आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं ते सांगतो. नावगाव सांगत नाही, माणसं जिवंत आहेत.

आमच्या गावापासून जवळच्या एका पाड्यावरच्या म्हाताऱ्याची जमीन रस्त्यात गेली. घरात सही येणारा तो एकटाच, रात्रशाळेत शिकलेला. मोबदल्यासाठी नवीन खातं काढलं, पाकीट मिळालं. कागदपत्रांच्या कामाला एक एजंट होता, तालुक्याच्या ठिकाणी फिरणारा, गोड बोलणारा. पैसे जमा व्हायच्या आधीच तो पाड्यावर आला आणि म्हाताऱ्याकडून तीन चेकांवर सह्या घेतल्या. रक्कम नाही, तारीख नाही, कुणाला द्यायचे ते नाही. म्हातारा काही खुळा नव्हता, त्यानं विचारलं होतं, "पैसे जातील ना रे माझे?" त्यावर एजंट म्हणाला, "बाबा, यावर तुमचं नाव आहे का कुठं? वाचून बघा. नावच नाही तर तुमचे पैसे कसे जातील? हे कच्चे चेक आहेत. साहेबाला फाइलला लावायला लागतात."

म्हाताऱ्यानं खरोखर वाचून बघितलं. अक्षर अक्षर लावून. नाव नव्हतं. मग सही केली.

मोबदला जमा झाल्यावर तिसऱ्या दिवशी एका चेकवर पैसे निघाले. बेअरर चेक होता, म्हणजे जो घेऊन येईल त्याला रोख. "किंवा धारकास" हे शब्द खोडलेले नसले आणि दोन तिरप्या रेघा मारलेल्या नसल्या तर चेक म्हणजे चालती नोटच. मोबाइलवर मेसेज आला तो सुनेनं बघितला. ती पोर सातवी झालेली, पण तिनंच सगळं हलवलं. रात्री आठ वाजता माझ्या अंगणात येऊन उभी राहिली. "काका, बाबांच्या खात्यातून एक लाख गेलं. अजून दोन कागद त्याच्याकडं हायेत."

सकाळी बँक उघडायच्या आधी आम्ही दारात. अधिकारी म्हणाले, सही जुळते, पैसे दिले, यात आमचं काही चुकलं नाही. खरंच होतं ते. मी म्हटलं, गेले ते गेले, राहिलेल्या दोन पानांचं बोला. चेकबुक बरोबर नेलं होतं, फाडलेल्या पानांचे नंबर मागच्यापुढच्यावरून काढले, "या नंबरच्या चेकचे पैसे देऊ नयेत" असा अर्ज लिहिला, म्हाताऱ्यानं सही केली, पोच घेतली. अर्ज मशीनवर चढवताना अधिकाऱ्यानं मान वर केली. त्यातला एक चेक आदल्या दिवशी दुसऱ्या बँकेत भरलेला होता, सव्वादोन लाखांचा, आणि त्या दिवशीच्या क्लिअरिंगला आमच्या शाखेच्या नावावर दिसत होता. तो परत पाठवला. दुसरा नंतर कधी आलाच नाही.

पंधरा दिवसांनी वकिलाची नोटीस आली. कलम १३८. सव्वादोन लाख एजंटाची फी म्हणून ठरली होती, चेक दिला, मग पैसे अडवले, असं त्यात लिहिलं होतं. घरात रडारड. म्हातारा जेवेना. लोकांनी सांगितलं, पैसे आपणच थांबवलेत, मग १३८ कसं लागेल? पण ते तसं नाही. पैसे थांबवले म्हणून माणूस सुटत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं पूर्वीच सांगून ठेवलंय. कोरा चेक दिला म्हणूनही सुटत नाही. २०१९ च्या बीरसिंग विरुद्ध मुकेशकुमार या निकालात तर स्पष्ट आहे की स्वखुशीनं सही करून कोरा चेक दिला आणि दुसऱ्यानं त्यात रक्कम भरली, तरी तो देण्यापोटीच दिलाय असं कोर्ट धरून चालतं. मात्र ते धरून चाललेलं खोडून काढायची मुभा चेक देणाऱ्याला असते. देणं होतंच कुठं, ते दाखवायचं. पालघरच्या एका वकीलबाईंनी आमच्याकडून फी न घेता उत्तर लिहून दिलं. कसली फी, किती टक्के, करार कुठं आहे, पावती कुठं आहे, आणि पहिल्या चेकनं नेलेल्या एक लाखाचा हिशेब द्या. त्या उत्तरानंतर तिकडून काही आलं नाही. लाख रुपयेही आले नाहीत. पोलिसांत अर्ज दिलाय, त्याची पोच म्हाताऱ्याच्या ट्रंकेत आहे.

या प्रकरणात "त्यानं सही केलीच कशाला" असं म्हणणारी माणसं मला भेटली, त्यांत शिकलेली जास्त. मला त्यांचा राग येतो. माणसानं कागद वाचला. जे त्याला वाचता येत होतं ते सगळं वाचलं. पाकीट देताना काउंटरवर एवढं एकच वाक्य कुणी सांगितलं असतं, की बाबा, नाव नसलं तरी हा चेक पुरा आहे, तर काम झालं असतं. पाकिटात सूचनांचा कागद असतो. इंग्रजीत आणि हिंदीत, आणि मुंगीएवढ्या अक्षरात.

नावाचं चेकबुक आल्यावर कच्च्या पानांचं काय होतं, हेही पुष्कळांना ठाऊक नसतं. ती आपोआप मरत नाहीत. तारीख घातल्यापासून चेक तीन महिने चालतो, पूर्वी सहा महिने चालायचा, १ एप्रिल २०१२ पासून तीन झाले. पण तारीखच घातली नसेल तर ते पान डब्यात पडून वर्षानुवर्षं जिवंतच. बँकच बुडाली किंवा दुसरीत मिळाली, जशा २०१९ ला देना आणि विजया बँका बडोदा बँकेत मिळाल्या, तर मागाहून जुनी चेकबुकं बाद होतात. एरवी ती पानं बँकेत परत द्यावीत, नाहीतर खालच्या आकड्यांच्या पट्टीवरून कात्री चालवावी. म्हाताऱ्याच्या सुनेनं उरलेली सगळी पानं माझ्यासमोर कापली. आमच्या घरातली आमच्या मुलीनं कापली.

आणखी एक बदल झालाय तो सांगून थांबतो. चेक पूर्वी पोत्यातून एका बँकेतून दुसरीत जायचे. बोईसरला भरलेला मुंबईचा चेक बाहेरगावचा म्हणून दोनदोन आठवडे लागायचे, आमच्या वडिलांनी तर महिनाभर वाट बघितलेली आहे. मग चेकचा फोटोच पाठवायची पद्धत आली, मुंबईत ती २०१३ पासून, आणि काम एका दिवसावर आलं. आता ४ ऑक्टोबर २०२५ पासून दिवसा ठरलेल्या वेळात भरलेल्या चेकचा निकाल त्याच दिवशी लागतो. ज्याचे पैसे यायचेत त्याला हे फार सोयीचं. म्हाताऱ्याचा सव्वादोन लाखांचा चेक आम्हाला थांबवता आला, कारण तो आदल्या दिवशी भरूनही रात्रभर वाटेत होता. सून रात्री आठ वाजता आली होती.